हेन्री डेरोझिओ : वर्गात दोन्ही बाजू मांडणारे शिक्षक

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांच्या बैठकीत एक प्रश्न वारंवार निघतो. मोठ्या वर्गातली मुले कॉलेजात जाऊ लागली की देव आहे कशावरून, असे विचारू लागतात. अशा वेळी नास्तिकाचे म्हणणे वर्गात पुरते मांडू द्यावे, की प्रार्थना करून विषय मिटवावा? काही शिक्षकांना वाटते की शंकेचे नाव काढले की शंका वाढते. काहींना वाटते की दडपलेली शंका घरी जाऊन वाढते. या वादात आम्हांला कलकत्त्याच्या एका तरुण शिक्षकाचे चरित्र नेहमी आठवते. हाच प्रश्न वर्गात घेतल्याच्या आरोपावरून त्यांची नोकरी गेली आणि त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, ते वारले. त्यांचे नाव हेन्री लुई व्हिव्हियन डेरोझिओ. बंगालच्या इतिहासात कवी म्हणून व तरुणांचे गुरू म्हणून त्यांचे नाव मोठे आहे. आपल्या मंडळ्यांत मात्र ते फारसे कोणी घेत नाही, कारण त्यांना सर्वस्वी आपले म्हणता येत नाही आणि परके म्हणून सोडूनही देता येत नाही.

डेरोझिओ यांचा जन्म १८ एप्रिल १८०९ रोजी कलकत्त्यात झाला. वडील फ्रान्सिस पोर्तुगीज व हिंदी अशा मिश्र वंशाचे असून एका इंग्रज व्यापारी पेढीत नोकरीस होते. कुटुंब प्रॉटेस्टंट होते व बाळाचा बाप्तिस्मा सेंट जॉन्स चर्चमध्ये झाला. अशा मिश्र वंशाच्या लोकांना त्या काळी कलकत्त्यात ईस्ट इंडियन म्हणत. (आपल्याकडील वसई-मुंबईचा ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज निराळा. नावाच्या सारखेपणाने घोटाळा होऊ नये.) गोऱ्यांच्या पंक्तीत त्यांना जागा नव्हती आणि हिंदी लोकही त्यांना आपल्यातले मानीत नसत. तरीही या तरुणाने हिंदुस्थानला आपली मायभूमी म्हणून उद्देशून इंग्रजीत सुनीत लिहिले.

त्यांचे शिक्षण धर्मतळा भागात डेव्हिड ड्रमंड नावाच्या स्कॉटिश गृहस्थांच्या शाळेत झाले. ड्रमंड विद्वान होते आणि स्वतंत्र विचारांचे म्हणून प्रसिद्ध होते. धर्माच्या कोणत्याही गोष्टीची चिकित्सा करायला ते भीत नसत. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. काही दिवस वडिलांच्या पेढीत कारकुनी केल्यावर डेरोझिओ भागलपूरला नातेवाइकांच्या निळीच्या कारखान्यावर गेले. तेथे गंगेच्या काठी त्यांना काव्याची गोडी लागली. कलकत्त्याच्या वर्तमानपत्रांत त्यांच्या कविता येऊ लागल्या. १८२७ मध्ये त्यांचा पहिला संग्रह निघाला आणि पुढच्याच वर्षी जांगिऱ्याच्या फकिरावरील दीर्घ काव्य प्रसिद्ध झाले. त्या काव्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. आमचा विषय त्यांचा वर्ग हा आहे.

कलकत्त्यातील हिंदू कॉलेज १८१७ मध्ये सुरू झाले होते. शहरातील धनिक हिंदू गृहस्थांनी पैसा उभा करून मुलांना इंग्रजी विद्या मिळावी म्हणून ते काढले. ख्रिस्ती धर्माचा वारा मुलांना लागू नये याची काळजी चालकांनी सुरुवातीपासून घेतली होती. या कॉलेजात १८२६ मध्ये डेरोझिओ शिक्षक म्हणून आले तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. विद्यार्थी त्यांच्याहून थोड्याच वर्षांनी लहान. इंग्रजी वाङ्मय आणि इतिहास हे त्यांचे विषय. पण तास संपला म्हणून शिकवणे संपले असे त्यांचे कधी झाले नाही. मुले कॉलेज सुटल्यावर त्यांच्याभोवती बसत, त्यांच्या घरी जात. १८२८ मध्ये यातूनच अ‍ॅकेडेमिक असोसिएशन ही वादसभा निघाली. माणिकतळ्याच्या एका बागेतील घरात तिच्या सभा भरत. माणसाला इच्छास्वातंत्र्य आहे की सर्व दैवाधीन आहे, सद्गुण म्हणजे काय, मूर्तिपूजा योग्य काय, असे विषय तेथे चालत. बिशप्स कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. मिल यांच्यासारखे ख्रिस्ती विद्वानही कधीकधी येऊन ऐकत.

देव आहे की नाही, हा विषयही तेथे आणि वर्गात निघाला. तो कसा निघाला हे आपल्या शिक्षकांनी नीट पाहण्यासारखे आहे. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्ववेत्त्याचा एक संवादग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७७९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात क्लिअँथिस आणि फायलो ही पात्रे आहेत. क्लिअँथिस म्हणतो की घर पाहिले की गवंड्याची आठवण होते, तसे हे सुरचित जग पाहून त्याच्या कर्त्याची खात्री पटते. फायलो त्याला अडवतो. घरे बांधताना आपण पाहिली आहेत म्हणून गवंड्याचा निष्कर्ष काढतो. जगे घडताना कोणी पाहिली आहेत? शिवाय जगात इतके दुःख आहे, तर त्याचा कर्ता दयाळू कशावरून म्हणावा? हे आक्षेप किरकोळ नाहीत. आजही कॉलेजातून येणारी मुले जे विचारतात त्यात फायलोच्या पलीकडचे फारसे काही नसते, असे आमचे मत आहे.

डेरोझिओ यांनी विद्यार्थ्यांपुढे फायलो उभा केला, आणि त्याला उत्तर देणारे थॉमस रीड व ड्यूगल्ड स्ट्यूअर्ट हेही उभे केले. रीडचे म्हणणे थोडक्यात असे की सर्वच गोष्टी पुराव्याने सिद्ध करायच्या ठरवल्या तर माणसाला एक पाऊलही टाकता येणार नाही. समोरच्या माणसाला आपल्यासारखे मन आहे, हे तरी कोणी डोळ्यांनी पाहिले आहे? त्याच्या बोलण्यातील व कृतीतील बुद्धीच्या खुणांवरूनच आपण ते ओळखतो. कृतीत बुद्धी दिसली की कर्त्यात बुद्धी आहे असे मानणे हा माणसाच्या विचारशक्तीचा मूळ पायाच आहे, आणि सृष्टीकडे पाहतानाही तो सोडण्याचे कारण नाही. आक्षेप पूर्ण ताकदीने ऐकल्याखेरीज या उत्तराचे वजन कळत नाही. दुबळा नास्तिक उभा करून त्याला पाडणे सोपे असते, पण मुले ते लगेच ओळखतात.

त्या वर्गाचा परिणाम दोन प्रकारचा झाला. एक चांगला. कॉलेजचा मुलगा खोटे बोलत नाही, असा त्या मुलांचा लौकिक शहरात झाला. दुसरा परिणाम चालकांना झोंबणारा होता. काही मुले पूजेच्या वेळी मंत्रांऐवजी होमरच्या महाकाव्यातील ओळी म्हणू लागली, जातिबंधने उघड मोडू लागली. टॉमस पेन याचे ख्रिस्ती धर्मावर तुटून पडणारे पुस्तकही त्यांच्यात फार वाचले जाई. तेव्हा या मुलांनी फक्त हिंदू धर्म नाकारला होता असे समजून आपण खूष होण्याचे कारण नाही. आपल्या पवित्र शास्त्रावरही त्यांचा विश्वास नव्हता. घाबरलेले आईबाप मुलांना कॉलेजातून काढू लागले.

२३ एप्रिल १८३१ रोजी चालक मंडळाची सभा भरली. रामकमल सेन, राधाकांत देव ही मोठी माणसे सभेत होती. संस्कृत पंडित होरेस हेमन विल्सन आणि घड्याळाचा धंदा सोडून शिक्षणासाठी झटणारे डेव्हिड हेअर हेही होते. डेरोझिओ मुलांना शिकवण्यास अयोग्य आहेत काय, असा प्रश्न आधी आला. बहुतेक सभासद तसे म्हणण्यास तयार झाले नाहीत. मग प्रश्न बदलला. हिंदू समाजाची सध्याची भावना पाहता त्यांना काढणे सोयीचे आहे काय? याला बहुमताने होकार मिळाला. विल्सन व हेअर यांनी मत दिले नाही. ज्यांच्याविषयी हे चालले होते त्यांना बोलावून दोन शब्द विचारावेत, असे मात्र घडले नाही. डेरोझिओ यांनी राजीनामा दिला.

विल्सन यांनी खाजगीरीत्या त्यांना तीन गोष्टी विचारल्या : तुम्ही देव मानत नाही काय, आईबापांचा मान राखणे हे कर्तव्य नाही असे शिकवता काय, आणि भावाबहिणींचे लग्न निर्दोष समजता काय? २६ एप्रिलला डेरोझिओ यांनी दिलेले उत्तर आजही उपलब्ध आहे. तिसरा आरोप त्यांनी मूर्खपणाचा म्हणून झटकून टाकला. दुसऱ्याविषयी त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांचीच साक्ष काढली. बापाशी उद्धटपणे वागलेल्या एका मुलाला त्यांनी रागावून माफी मागायला लावली होती, आणि घर सोडून जाऊ पाहणाऱ्या दुसऱ्याला थांबवले होते. पहिल्या आरोपाला मात्र ते सविस्तर उत्तर देतात. देव नाही असे आपण कोणापाशी म्हटलेले नाही. पण या विषयावर तत्त्ववेत्त्यांनी घेतलेल्या शंका आपण वर्गात सांगितल्या, आणि त्या शंकांची उत्तरेही सांगितली. एकच बाजू ऐकलेल्या मुलांचा विश्वास पहिल्याच विरोधकापुढे डळमळेल, म्हणून दोन्ही बाजू दाखवणे हे आपण शिक्षकाचे काम समजलो. खात्री पटवून देणे आपल्या हाती नव्हते. काही मुले नास्तिक झाली याचा दोष आपल्याला द्यायचा असेल, तर जी आस्तिक राहिली त्यांचे श्रेयही द्यावे. बावीस वर्षांच्या तरुणाचे हे पत्र आहे, आणि त्यात कोठेही रडगाणे नाही.

आम्हांला त्यांच्या शिकवण्यात एक उणीव दिसते. वाद ऐकून घेणे हे बिरुयाच्या लोकांसारखे आहे, पण बिरुयाचे लोक घरी जाऊन रोज शास्त्र शोधीत होते. डेरोझिओ यांच्या मुलांना जुने घर मोडून दिले गेले आणि नवे कोठे बांधावे हे त्यांचे त्यांनी पाहायचे होते. जीवनच बदलून टाकील असा प्रभू त्या वर्गात कोणी दाखवला नाही, आणि हिंदू कॉलेजच्या नियमांत ते शक्यही नव्हते. एवढे म्हटल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या शिक्षकाने रीडचे उत्तर प्रामाणिकपणे सांगितले, त्याला नास्तिकांचा गुरू म्हणून हाकलून देणे हा अन्याय होता.

पुढे काही महिने डेरोझिओ यांनी ‘ईस्ट इंडियन’ नावाचे वर्तमानपत्र चालवले. डिसेंबरात त्यांना पटकीने गाठले आणि २६ डिसेंबर १८३१ रोजी ते वारले. त्यांच्या अखेरच्या घटकांविषयी दोन तऱ्हेच्या हकिकती लिहिल्या गेल्या. एक, त्यांनी ख्रिस्तावरील विश्वास कबूल केला अशी. दुसरी, असे काही झाले नाही अशी. त्यांना साउथ पार्क स्ट्रीटच्या दफनभूमीत पुरले आहे. (याच १८३१ साली बेळगावात बाबा पदमनजींचा जन्म झाला. पुढे मुंबईच्या परमहंस सभेतून, म्हणजे अशाच जातिभेद मोडू पाहणाऱ्या तरुणांच्या मंडळातून, ते १८५४ मध्ये बाप्तिस्म्यापर्यंत आले.)

डेरोझिओ यांच्या मंडळातील मुले निरनिराळ्या वाटांनी गेली. रामतनु लाहिरी ब्राह्मसमाजाकडे वळले. राधानाथ सिकदार गणिती झाले, आणि पुढे एव्हरेस्ट असे नाव मिळालेल्या शिखराच्या उंचीचे गणित त्यांनी केले. कृष्णमोहन बॅनर्जी यांची वाट सर्वांत वाकडी. ऑगस्ट १८३१ मध्ये ते घरी नसताना त्यांच्या मित्रांनी तेथे गोमांस खाल्ले आणि हाडे शेजारच्या ब्राह्मणाच्या घरात फेकली. हा निव्वळ उर्मटपणा होता. त्याचे फळ कृष्णमोहन यांना भोगावे लागले. घरच्यांनी त्यांना बाहेर काढले.

स्कॉटिश मिशनरी अलेक्झांडर डफ १८३० मध्ये कलकत्त्यास आले होते. त्यांनी या तरुणांसाठी ख्रिस्ती धर्माच्या प्रमाणांवर व्याख्याने ठरवली, तेव्हा पहिल्याच व्याख्यानानंतर हिंदू कॉलेजच्या चालकांनी विद्यार्थ्यांना जाण्यास मनाई केली व माला बंद पडली. पुढे डफ यांनी आपल्या घरी ती पुन्हा सुरू केली. व्याख्यान झाले की कोणीही उठून विरोध करावा, अशी मोकळीक असे. कृष्णमोहन विरोध करणाऱ्यांत पुढे होते. वादात वाढलेल्या या मुलांना डफ यांनी वादानेच उत्तर दिले, आणि रीड जेथे थांबतो त्याच्या पुढचे, वधस्तंभाचे, सांगितले. १८३२ च्या ऑगस्टमध्ये महेशचंद्र घोष यांचा बाप्तिस्मा झाला. १७ ऑक्टोबरला कृष्णमोहन यांचा झाला. तो चर्चमध्ये झाला नाही. ज्या खोलीत आपण ख्रिस्ताविरुद्ध बोललो त्याच खोलीत, ऐकणाऱ्या मित्रांच्या देखत, त्याचे नाव कबूल करावे अशी त्यांची इच्छा होती, आणि डफ यांनी ती पुरवली.

ते १८३७ मध्ये पाळक झाले आणि पुढे अनेक वर्षे बिशप्स कॉलेजात प्राध्यापक होते. हिंदू दर्शनांवरील त्यांचा मोठा ग्रंथ १८६१ मध्ये निघाला. तो त्यांनी संवादरूपाने लिहिला आहे. त्यात सत्यकाम हा ख्रिस्ती झालेला विद्वान बोलतो, आणि आगमिक व तर्ककाम हे त्याचे पंडित मित्रही आपापली बाजू मांडतात.