अशक्य जिने काढणारा चित्रकार : मॉरिट्स एशर

जिना चढत चढत माणसं पुन्हा निघाली तिथेच येतात, असं एक चित्र तुम्ही मोबाईलवर कधीतरी पाहिलं असेल. ते काढलं मॉरिट्स कॉर्नेलिस एशर या डच चित्रकाराने.

एशरचा जन्म १७ जून १८९८ रोजी नेदरलँड्समधल्या लेउवार्डेन गावी झाला. वडील सिव्हिल इंजिनिअर होते. पोरगा मात्र अभ्यासात कच्चा, शाळेच्या शेवटच्या परीक्षेत चक्क नापास! १९१९ मध्ये तो हारलेमच्या कलाशाळेत वास्तुकला शिकायला गेला. तिथे सॅम्युएल येस्सुरुन दे मेस्किता या सरांनी त्याचं काम पाहिलं आणि हा मुलगा छापचित्रांसाठी आहे हे ओळखलं. एशरने शाखा बदलली.

पुढे तो बरीच वर्षं इटलीत राहिला. डोंगरउतारावरची गावं, जिने, कमानी यांची त्याने भरपूर चित्रं काढली. मुसोलिनीच्या राजवटीत शाळकरी मुलांनाही गणवेश चढवायला लागल्यावर १९३५ मध्ये त्याने कुटुंबासह इटली सोडली. त्यानंतर समोर दिसणाऱ्या देखाव्यापेक्षा मनातली दृश्यं त्याच्या कागदावर जास्त येऊ लागली.

आता गंमत बघा. मनातलं चित्र म्हटलं की आपण मुलांना 'काढा काहीही' म्हणून मोकळे होतो. एशरचं तसं नव्हतं. रेल्वेचे रूळ लांबवर एका बिंदूत मिळाल्यासारखे दिसतात, तोच लोपबिंदू. पर्स्पेक्टिव्हचा हा नियम त्याने काटेकोर पाळला. १९५३ च्या 'रिलेटिव्हिटी' या चित्रात त्याने तीन लोपबिंदू घेतले आणि खाली-वर या दिशाही तीन प्रकारच्या केल्या. त्यामुळे एकाची भिंत ती दुसऱ्याची जमीन होते. एकाच जिन्यावर दोघं एकाच दिशेने चाललेत, पण एक चढतोय आणि दुसरा उतरतोय!

१९५४ मध्ये अॅमस्टरडॅमला गणितज्ञांची परिषद भरली, तेव्हा एशरच्या चित्रांचं प्रदर्शनही होतं. ते पाहून रॉजर पेनरोझ हा तरुण गणिती भारावला. त्याने आणि त्याच्या वडिलांनी अशक्य त्रिकोण व अशक्य जिना यांवर १९५८ मध्ये लेख छापला. तो वाचून एशरने १९६० मध्ये सुरुवातीला सांगितलेला जिना आणि १९६१ मध्ये 'धबधबा' काढला. गणितात रडतखडत गेलेल्या मुलाची चित्रं गणितज्ञांच्या कामी आली, हे मला फार आवडतं.

मेस्किता सरांचं काय झालं? ते ज्यू होते. १९४४ च्या हिवाळ्यात नाझींनी त्यांना व त्यांच्या पत्नीला घरातून नेलं आणि आउश्वित्झला दोघांची हत्या झाली. विस्कटलेल्या घरातून एशरने सरांची चित्रं उचलून आणून जपली. त्यातल्या एका चित्रावर जर्मन सैनिकाच्या बुटाचा ठसा होता. ते चित्र त्याने शेवटपर्यंत आपल्या स्टुडिओत लावून ठेवलं.

२७ मार्च १९७२ रोजी एशर वारला. त्याचा 'धबधबा' वर्गात जरूर दाखवा. कागदाने अर्धं चित्र झाका, मग दुसरं अर्धं झाका. प्रत्येक भाग अगदी बरोबर दिसतो. मग पाणी वर कसं पोहोचलं, ते मुलांनाच शोधू द्या.