विल्यम हार्वे

इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर फोकस्टन नावाचे गाव आहे. तेथे १ एप्रिल १५७८ रोजी विल्यम हार्वेचा जन्म झाला. कँटरबरीची शाळा व केंब्रिजचे विद्यापीठ येथे शिकून झाल्यावर वैद्यकाच्या अभ्यासासाठी तो इटलीतील पाडुआ येथे गेला.

पाडुआचे शवच्छेदनगृह त्या काळी फार नामांकित होते. मध्यभागी मेज आणि त्याभोवती एकावर एक अशा सहा अरुंद लाकडी गॅलऱ्या. विद्यार्थी त्यांत दाटीवाटीने उभे राहून खाली वाकून पाहत. तेथे फॅब्रिशियस नावाचा विद्वान अध्यापक शिकवीत असे. नीलांच्या आत बारीक झडपा असतात, हे त्याने शिष्यांना दाखविले. सगळे रक्त खाली वाहत जाऊन हातापायांत साचू नये, म्हणून या झडपा त्याला आवर घालतात, असे गुरूचे मत होते. या झडपांनीच आपल्याला विचार करावयास लावले, असे हार्वेने पुढे म्हातारपणी सांगितले.

१६०२ साली वैद्यकाची पदवी घेऊन तो लंडनला परतला. १६०९ मध्ये सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात त्याची नेमणूक झाली आणि काही वर्षांनी तो राजवैद्यही झाला. परंतु त्याचे मन खरे रमे ते हृदयाच्या अभ्यासात. मासे, साप, बेडूक अशा प्राण्यांचे हृदय सावकाश चालते, म्हणून त्याने ते तासन्‌तास न्याहाळले.

त्या वेळी सर्व वैद्य गेलन या प्राचीन ग्रीक वैद्याचे मत प्रमाण मानीत. अन्नापासून यकृतात रक्त तयार होते, ते नीलांतून शरीरभर जाते आणि शेतात पाणी जिरावे तसे तेथेच जिरून जाते, असे गेलनने लिहून ठेवले होते. सुमारे १४०० वर्षे हे मत चालत आले होते.

हार्वेने साधा हिशेब मांडला. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला अवघे अर्धा औंस रक्त बाहेर पडते असे धरले आणि अर्ध्या तासात ठोके १००० च मोजले, तरी ५०० औंस, म्हणजे सुमारे १५ किलो रक्त होते! हे आकडे त्याने मुद्दामच कमी धरले होते. तरीही एवढे रक्त माणसाच्या अंगात मुळी नसतेच, मग अन्नापासून ते अर्ध्या तासात तयार कसे होणार? तेव्हा तेच रक्त पुन्हा पुन्हा हृदयाकडे येत असले पाहिजे.

मग त्याने दंडाला पट्टी घट्ट आवळून पाहिली. मनगटाची नाडी थांबली आणि हात गार पडला. पट्टी थोडी सैल करताच खोलवरच्या रोहिण्यांतून रक्त हातात शिरले. पण त्वचेलगतच्या नीला अद्याप दाबलेल्या असल्यामुळे पट्टीच्या खाली फुगून आल्या. नीलांवर जागोजाग गाठींसारखे उंचवटे दिसू लागले. त्याच फॅब्रिशियसने दाखविलेल्या झडपा! बोटाने नीलेतील रक्त हाताच्या पंजाकडे ढकलू गेले, तर झडप ते अडवी. हृदयाकडे मात्र ते सहज जाई. गुरूने पाहिलेल्या झडपांचे खरे काम शिष्याला असे उमगले. रोहिण्यांतून जावयाचे आणि नीलांतून परतावयाचे, हाच रक्ताचा मार्ग होय.

उजव्या हृदयातून रक्त फुप्फुसांत जाऊन डावीकडे येते, हे इब्न अल्-नफीस या अरब वैद्याने तेराव्या शतकातच लिहिले होते. सर्व शरीरातील फेरा मात्र हार्वेने सिद्ध केला.

१६२८ मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे त्याचा ७२ पृष्ठांचा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. लहानसे पुस्तक, पण त्याने केवढा गदारोळ उडविला! पॅरिसच्या रिओलान या नामवंत वैद्याने तर त्याला उघड विरोध केला. लोक हार्वेला विक्षिप्त समजू लागले आणि त्याच्याकडे येणारे रोगी कमी झाले, असे त्याच्या एका परिचिताने लिहून ठेवले आहे.

शिवाय विरोधकांच्या एका प्रश्नाला त्याच्यापाशी पुरते उत्तर नव्हते. रोहिण्यांतील रक्त नीलांत जाते तरी कोठून? दोहोंना जोडणारी वाट डोळ्यांना दिसत नव्हती. मांसातील सूक्ष्म छिद्रांतून ते जात असावे, एवढेच तो म्हणू शकला.

१६४२ मध्ये इंग्लंडात राजा व पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटले. एजहिलच्या रणभूमीजवळ राजपुत्रांना सांभाळण्याचे काम या वृद्ध वैद्याकडे होते. तो कुंपणाखाली बसून पुस्तक वाचू लागला आणि तोफेचा गोळा जवळच येऊन पडला तेव्हा कोठे जागचा हलला, अशी आठवण सांगतात. त्या धामधुमीत सैनिकांनी त्याचे लंडनचे निवासस्थान लुटले. कीटकांविषयी अनेक वर्षे लिहिलेली टिपणे नाहीशी झाली. सामानसुमान गेल्यापेक्षा हे दुःख त्याला अधिक झाले.

३ जून १६५७ रोजी हार्वे मरण पावला. तोवर पुष्कळ वैद्यांनी त्याचे म्हणणे मान्य केले होते. पण ती न दिसलेली वाट अजून तशीच होती. चार वर्षांनी, १६६१ साली, माल्पीगी या इटालियन शास्त्रज्ञाने बेडकाचे फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. रोहिणीपासून नीलेपर्यंत पसरलेले केसांहून बारीक नळ्यांचे जाळे आणि त्यांतून वाहणारे रक्त त्याला स्पष्ट दिसले.