बाबासाहेबांची शेती आम्ही कधी वाचणार?

येडशीजवळच कसबे तडवळे आहे. निजामी राजवटीतल्या या गावी २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी महार-मांग वतनदारांच्या परिषदेला परमपूज्य बाबासाहेब आले होते. आम्ही तिथे अभिवादनाला जातो, जयजयकार करून परततो. पण भूक आणि शेती यांबद्दल या महामानवाने काय मांडले, हे किती जण वाचतो?

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले. परत आल्यावर १९१८ मध्ये त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेताचे तुकडे झाले म्हणून शेतकरी गरीब झाला, तुकडे जोडा, असे तेव्हाचे विद्वान सांगत होते. बाबासाहेबांनी हा हिशेबच खोडून काढला. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरावर ठरत नाही. कसणाऱ्याजवळ अवजारे, बैल आणि भांडवल किती, यावर ठरते. साधनेच नसतील तर लहान शेतही झेपत नाही. शेतीवरचा माणसांचा भार कमी करायला त्यांनी कारखानदारीचा मार्ग दाखवला.

विचार मांडून ते थांबले नाहीत. १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात तुकडेजोडीच्या विधेयकाला त्यांनी विरोध केला. १९३७ मध्ये कोकणातली खोती मोडण्याचे विधेयक आणले. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना पाटबंधारे आणि वीज त्यांच्याच खात्याकडे होती. दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया तेव्हाच घातला गेला. १९४७ मध्ये त्यांनी घटना समितीसाठी निवेदन तयार केले. शेती हा सरकारी उद्योग व्हावा, जात-धर्म न पाहता जमीन गावकऱ्यांना सामुदायिक पद्धतीने कसायला द्यावी आणि पाणी, बैल, अवजारे, खत, बियाणे सरकारने पुरवावे, अशी त्यात मागणी होती. म्हणजे बाबासाहेब यंत्राचे विरोधक नव्हते. यंत्र आणि बियाणे भूमिहीनाच्या हाती पोहोचावे, एवढाच त्यांचा आग्रह होता.

६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. १९६४ मध्ये त्याच तारखेला कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह उभा केला.

आणि आज? ठिबक, सुधारित बियाणे, फवारणीचे ड्रोन यांची चर्चा जोरात आहे. पण विहीर मागा की ठिबक, अर्जाला सातबारा लागतो. पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसणाऱ्या आमच्या माणसाकडे नेमका तोच नाही. तंत्रज्ञान बांधापर्यंत येते आणि त्याला वगळून पुढे जाते. भूक मात्र त्याच्याच घरी राहते.

वकिलीत आम्ही हे रोज पाहतो. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरवले. पण कब्जा सिद्ध करायला कागद लागतो. दंडाच्या पावत्या, पंचनामे, जुन्या नोटिसा घराघरांत कुजत पडल्या आहेत. बांधवांनो, त्या शोधा, जपा, त्यांच्या नकला काढा. पुढच्या वेळी तडवळ्याला येताना हाती फुलांसोबत ही फाईलही असू द्या. जयभीम!