कर्नल हेमू अधिकारी

हेमू अधिकारी हे नाव आमच्या डोकमर्डीच्या मैदानावर फारसे कुणी घेत नाही. मला हे अन्यायाचे वाटते.

३१ जुलै १९१९ रोजी पुण्यात त्यांचा जन्म झाला. ते बडोद्याकडून रणजी खेळले, सैन्यात गेले, नि मग सेनादलाच्या संघातून खेळले. महायुद्धाने उमेदीची वर्षे खाल्ली. पहिली कसोटी मिळाली ती अठ्ठाविसाव्या वर्षी. २१ कसोटींत ८७२ धावा. आम्हा वाणिज्यवाल्यांना हा ताळेबंद बेताचाच दिसेल. पण १९५२ साली दिल्लीस पाकिस्तानविरुद्ध गुलाम अहमद यांच्यासह शेवटच्या गड्यासाठी जोडलेल्या १०९ धावा कोणत्या बाजूला मांडायच्या?

१९५९ साली वेस्ट इंडीजविरुद्धच्या एकाच मालिकेत भारताचा चौथा कर्णधार झाला, तो अधिकारी! मालिका हातची गेलेलीच होती. दिल्लीत त्यांनी ६३ व ४० धावा काढल्या, ३ बळी घेतले, सामना अनिर्णित राखला. आणि तीच त्यांची अखेरची कसोटी.

१९७१ साली ते वाडेकरांच्या संघाचे व्यवस्थापक म्हणून इंग्लंडला गेले. फौजी शिस्त नि क्षेत्ररक्षणाचा ध्यास! ओव्हलवर चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले (कन्नड विभागातील मित्रांनी खुशाल मिरवावे), पण सोलकरने सूर मारून नॉटचा झेल घेतला नसता तर? इंग्लंड १०१ धावांत गारद झाले आणि इंग्लंडच्या भूमीवर भारताने प्रथमच कसोटी जिंकली.

१९७४ साली व्यवस्थापक तेच, पण लॉर्ड्सवर सर्वबाद ४२, मालिका ०–३. तोही हिशेब त्यांच्याच नावे लिहिला गेला. २५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत ते वारले.