ताराबाई मोडक

घंटा झाली की मुलाने वर्गात जाऊन बसावे, ही आपली नित्याची रीत. परंतु ज्या मुलाला सकाळ होताच गुरे घेऊन रानात जावे लागते, त्याने शिकावे केव्हा? हा प्रश्न ज्यांनी मनावर घेतला, त्या ताराबाई मोडक होत.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थनासमाजाचे. त्यामुळे मुलीच्या शिक्षणास घरी आडकाठी नव्हती. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. विवाहानंतर अमरावतीस गेल्या, पण संसारसुख त्यांना लाभले नाही. पुढे १९२३ साली भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात त्या दाखल झाल्या आणि बालशिक्षण हेच त्यांचे जीवितकार्य ठरले. १९३६ साली त्यांनी दादर येथे शिशुविहार सुरू केला.

बालमंदिरांत इटलीच्या डॉ. माँटेसरी यांची पद्धत चाले. मुलाने स्वतःच्या हातांनी वस्तू हाताळून शिकावे, हे तिचे मर्म. पण तिची साधने मापून घडविलेली व महाग! खेड्यातील गरिबाने ती आणावी कोठून?

या प्रश्नाचे उत्तर ताराबाईंना पुस्तकात नव्हे, पायांखाली सापडले. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, शहरातील नावारूपाला आलेले काम मागे ठेवून त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी आल्या. अनुताई वाघ त्यांना येथेच सहकारी म्हणून लाभल्या. शिंपले, बिया, पाने, काड्या, खडे आणि माती ही येथील शिक्षणाची साधने झाली. वाड्यावरची मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली, तीच अंगणवाडी.

मातीने काय शिकविता येते, असे कोणास वाटेल. आपल्या मराठवाड्यातील मुलांनी एवढे करून पाहावे : शेतातील काळी माती व नदीची वाळू वेगवेगळी भिजवून त्यांचे गोळे वळावेत. मातीचा गोळा टिकतो, वाळूचा सुकताच ढासळतो. मग मूठभर माती बाटलीभर पाण्यात ढवळून ठेवावी. खडे प्रथम तळाशी बसतात, मागून वाळू. चिकणमातीचे सूक्ष्म कण मात्र पाणी बराच वेळ गढूळ ठेवतात. हेच कण पाणी शोषून फुगतात आणि सुकताना आकसतात. म्हणून उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात. शेतकऱ्याच्या मुलाने ही भेग रोज पाहिलेली असते, पण तिचे कारण त्याला कोणी विचारीत नाही, ही खेदाची गोष्ट होय.

१९५७ साली ताराबाईंचे कार्य बोर्डीजवळील कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा वारली आदिवासींचा मुलूख. आज तो पालघर जिल्ह्यात मोडतो. येथील मुले दिवसभर गुरांमागे असत. त्यांना दटावून वर्गात आणणे म्हणजे घरची भाकरी तोडणे. तेव्हा शिक्षकच कुरणावर जाऊ लागले. गुरे चरत असता मुले झाडाखाली शिकत, हीच कुरणशाळा. फळा आणि बाके यांवाचून शाळा भरू शकते, हे मान्य करण्यास शिक्षकाचे मन मोठे लागते; ताराबाईंचे तसे होते.

भारत सरकारने १९६२ साली त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. कोसबाडचे काम पुढे अनुताईंनी १९९२ साली स्वतःच्या मृत्यूपर्यंत चालविले.