थांबलेली मूठ

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर अशा मुंबईच्या उपनगरांत पांढऱ्या पोशाखातली मुले-मुली कराटे शिकताना दिसतात. दोघे समोरासमोर उभे राहतात, वाकून नमस्कार करतात आणि लढत सुरू होते. एकाची मूठ वेगाने दुसऱ्याच्या तोंडाकडे जाते. आता ती नाकावर बसणार, असे पाहणाऱ्याला वाटते. पण ती दोन बोटे अलीकडेच थांबते. नवख्या मुलाला हे जमत नाही. त्याची मूठ एकतर फार लांब थांबते, नाहीतर लागते. पाय जमिनीवर घट्ट रोवलेले हवेत, कंबर स्थिर हवी, समोरच्याचे अंतर डोळ्यांनी अचूक मोजता यायला हवे. तेव्हा कुठे धावती मूठ मनाप्रमाणे थांबते. मारण्यापेक्षा थांबणे अवघड, हे कराटे शिकणाऱ्याला लवकरच कळून येते.

ही विद्या जपानच्या मुख्य बेटांवर नेणारे आणि तिला शिस्तीची चौकट देणारे गुरू म्हणजे गिचिन फुनाकोशी.

त्यांचा जन्म १८६८ साली ओकिनावा बेटावरील शुरी या गावी झाला. ते वेळेआधीच जन्मलेले, अशक्त बाळ होते. हे मूल फार दिवस जगणार नाही, असे घरच्यांना वाटे. शाळेत त्यांची एका मुलाशी मैत्री झाली. त्या मुलाचे वडील आंको आझातो हे कराटेतले मोठे वस्ताद होते. छोटा गिचिन त्यांचा शागीर्द झाला.

त्या काळी ओकिनावात कराटे गुपचूप शिकवत असत. गिचिन रात्री कंदील घेऊन गुरूच्या घरी जाई. अंगणात तो एकटाच सराव करी आणि आझातो ओसरीवर बसून पाहत. कराटेत ठरलेल्या हालचालींची एक साखळी असते, तिला काता म्हणतात. एकच काता पुन्हा पुन्हा, महिनोन्‌महिने करायचा. गुरू फारसे बोलत नसत. शागीर्दाला कंटाळा येई, कधी रडूही येई; पण पहिला काता गुरूच्या मनासारखा झाल्याशिवाय दुसरा मिळत नसे. पुढे आंको इतोसु हे दुसरे गुरू लाभले. त्यांच्याकडे तर केवळ तीन काता शिकण्यात सुमारे दहा वर्षे गेली. आजच्या मुलांना हे खरे वाटणार नाही. गिचिनची प्रकृती मात्र या सरावाने हळूहळू सुधारली.

त्यांना वैद्यकीचे शिक्षण घ्यायचे होते, पण ते घडले नाही. घराण्याच्या रिवाजाप्रमाणे ते डोक्यावर केसांचा बुचडा ठेवत, आणि नव्या सरकारच्या नियमांत तो बसत नव्हता. अखेर बुचडा कापून ते प्राथमिक शाळेत शिक्षक झाले. दिवसा मुलांना शिकवायचे आणि रात्री कराटे, असा त्यांचा क्रम अनेक वर्षे चालला. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण आणि मराठीत तालीम म्हणजे पैलवानांची व्यायामशाळा. फुनाकोशींच्या आयुष्यात या दोन्ही तालमी एकत्र आल्या होत्या.

त्यांच्या तरुणपणची एक गोष्ट आहे. एका संध्याकाळी ते निर्जन रस्त्याने चालले होते. पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर ठेवण्यासाठी घेतलेली मिठाई तेवढी हातात होती. झाडीतून दोन लुटारू पुढे आले आणि त्यांनी पैसे मागितले. फुनाकोशींजवळ पैसे नव्हते. लुटारू अंगावर धावून येण्याच्या बेतात होते. इतक्या वर्षांच्या सरावानंतर त्या दोघांना आडवे करणे फुनाकोशींना मुळीच जड गेले नसते. पण त्यांनी मिठाई त्यांच्या हवाली केली आणि शांतपणे वाट धरली. पुढे दोन्ही गुरूंना त्यांनी ही हकिकत सांगितली. दोघांनाही आनंद झाला. आझातोंनी मग एवढेच विचारले, की मिठाई गेल्यावर पूर्वजांसमोर काय ठेवले? आपण मनापासून प्रार्थना केली, असे फुनाकोशींनी सांगितले. आपली मेहनत वाया गेली नाही, असे त्या दिवशी गुरूला वाटले.

१९२२ साली तोक्यो शहरात शारीरिक शिक्षणाचे मोठे प्रदर्शन भरले. तेथे कराटे दाखवण्यासाठी फुनाकोशी गेले. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनीही त्यांना आपल्या संस्थेत बोलावून प्रात्यक्षिक पाहिले. लोकांचा आग्रह वाढला आणि फुनाकोशी तोक्योतच राहिले. पत्नी ओकिनावातच होती. हातात पैसा नव्हता. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात त्यांना एक लहानशी खोली मिळाली. त्याबदल्यात ते पहारा करत, अंगण झाडत, बागेची देखभाल करत. एकदा ते झाडत असताना एक पाहुणा आला आणि फुनाकोशी गुरुजी कुठे भेटतील, असे त्याने विचारले. थोडे थांबायला सांगून ते आत गेले, कपडे बदलून बाहेर आले आणि पाहुण्यासमोर उभे राहिले. त्या बिचाऱ्याची काय अवस्था झाली असेल!

हळूहळू विद्यापीठांतले तरुण त्यांच्याकडे येऊ लागले. येथेच खरा पेच उभा राहिला. तरुण रक्ताला काताचा कंटाळा आला. आपण शिकतो ते खऱ्या लढतीत चालते की नाही, हे त्यांना आजमावायचे होते. तोक्यो विद्यापीठातील काही विद्यार्थ्यांनी अंगावर संरक्षक साधने चढवून मोकळ्या लढती सुरू केल्या. फुनाकोशींना हे मान्य नव्हते. कराटेचा ठोसा माणसाला कायमचा जायबंदी करू शकतो. तो हार-जितीच्या खेळात आणू नये, असे त्यांचे मत होते. विद्यार्थी ऐकेनात, तेव्हा त्यांनी तेथे शिकवायला जाणेच सोडले. उत्पन्न बेताचे असताना असा निर्णय घेणे सोपे नव्हते.

पण तरुणांचा प्रश्न खोटा होता, असेही म्हणता येणार नाही. समोर माणूसच नसेल तर अंतराचा अंदाज कसा येणार? यातून एक मधला मार्ग निघाला. एकाने कुठे मारणार ते आधी सांगायचे आणि पाच पावले पुढे येत पाच वार करायचे. दुसऱ्याने ते अडवून शेवटी एक उलट वार करायचा, आणि तो अंगाला लागण्याआधीच थांबवायचा. पुढे पाचाऐवजी एकाच वाराचा सराव आला. फुनाकोशींचा मुलगा गिगो आणि इतर शागीर्द यांनी लढतीचा हा सराव आणखी वाढवला. वडिलांचा कल मात्र शेवटपर्यंत काताकडेच राहिला.

१९३० च्या दशकात शागीर्दांनी वर्गणी काढून गुरूसाठी सरावाची इमारत बांधली. फुनाकोशी शोतो या टोपणनावाने कविता लिहीत, म्हणून इमारतीला शोतोकान हे नाव दिले. १९४५ साली बाँबहल्ल्यात ती नष्ट झाली. त्याच वर्षी गिगोही वारला, आणि दोन वर्षांनी पत्नी गेली.

महायुद्धानंतरचे ते दिवस जपानमध्ये उपासमारीचे होते. फुनाकोशी ऐंशीच्या घरात होते. एका रात्री घरी परतताना एका माणसाने त्यांना वाटेत अडवले आणि त्यांच्यावर वार केला. म्हाताऱ्याने तो चुकवला आणि त्या माणसाला असे काही पकडले, की त्याला हलताच येईना. इतक्यात पोलीस आला आणि त्याला घेऊन गेला. ऐकणारे म्हणतील, या वयात केवढी चपळाई! फुनाकोशींना मात्र लाज वाटली. तो माणूस लढाईवरून परतलेला, पोटासाठी वणवण करणारा असावा, असे त्यांना वाटले. जे करू नका म्हणून शागीर्दांना सांगत आलो, तेच आज आपल्या हातून घडले, ही खंत त्यांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे.

२६ एप्रिल १९५७ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी पुढे त्यांच्या शागीर्दांच्या संस्थेने जपानमधील पहिली मोठी कराटे स्पर्धा भरवली. गुरूला नको असलेल्या लढती तेथे झाल्या. पण वार पुऱ्या वेगाने जावा आणि अंगापाशी थांबावा, तरच गुण मिळेल. प्रतिस्पर्ध्याला जोरात लागला तर मारणाराच दोषी, असा त्या लढतींचा नियम होता.