कै. पालवणकर बाळू

आमच्या स्मरणिकेत आजवर बहुधा स्वज्ञातीयांचीच चरित्रे आली. यंदा चर्मकार समाजात जन्मलेल्या एका क्रिकेटपटूचे चरित्र देत आहोत. कोणी कारण विचारील, तर ते त्या चरित्रातच सापडेल.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. तरुणपणी पुण्यास पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडण्यालोटण्याचे काम ते मासिक तीन रुपयांवर करीत. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपये मिळू लागले. तेथे साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी गोलंदाजी सिद्ध झाली. फलंदाजी मात्र त्यांना कोणी करू दिली नाही.

पुढे पुण्यातील हिंदू क्लबाला युरोपियनांवर जय मिळवावयाचा होता. त्याला बाळू हवे झाले. मैदानावर एकच चेंडू सर्वांच्या हातून फिरे. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे, जेवणास निराळे ताट. हे करणारे दुष्ट होते असे आम्ही म्हणत नाही. ते तुमच्याआमच्यासारखेच सुशिक्षित गृहस्थ होते. मुलाने नवा मित्र घरी आणला म्हणजे आपण प्रथम त्याचे आडनावच विचारतो ना?

१९०६ साली मुंबईस हिंदूंनी युरोपियनांस १०९ धावांनी हरविले. त्या विजयात बाळूंचा वाटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात हिंदी संघ वारंवार पराभूत झाला, तरी बाळूंनी ११४ बळी मिळविले. अशा खेळाडूकडे हिंदू संघाचे नेतृत्व आपोआप यावयाचे. ते आले नाही. वर्षामागून वर्षे दुसऱ्याचे नाव जाहीर होई आणि बाळू निमूटपणे चेंडू टाकीत. १९२० साली त्यांना संघातूनच वगळले, तेव्हा त्यांचे बंधू शिवराम व विठ्ठल यांनी खेळण्यास नकार दिला. मग बाळूंना परत घेऊन उपकर्णधार करण्यात आले. सामन्यात कर्णधार पै काही वेळ मैदानाबाहेर राहिले, ते बाळूंना नेतृत्व करता यावे म्हणून. पै यांचा हा सरळपणा आम्हांस विशेष उल्लेखनीय वाटतो.

१९२३ साली विठ्ठलराव हिंदूंचे कर्णधार झाले व संघ जिंकला. तोवर बाळूंचे खेळण्याचे वय सरले होते. १९५५ साली ते निवर्तले.